तुलनेसाठी सोडलेला चौकोन

१२ एप्रिल, रविवार. कूलरच्या जाळ्या धुवायला काढल्या आहेत. वाळ्याचा भुसा सांडू नये म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, तर त्यातून एक रंगीत पत्रक घसरलं. निळा डोंगर, त्याच्यापुढे दात दाखवणारं कुटुंब आणि वर ठळक अक्षरांत, 'आपलं घर १५ अंश थंड!' पंधराच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. हात ओले होते, तरी मी पत्रक उलटंपालटं करून चांदणीचा खुलासा शोधला. तो खालच्या कडेला इंग्रजीत होता. प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत, छताच्या वरच्या पृष्ठभागावर. म्हणजे पंधरा अंशांचा गारवा घरात नव्हे, छपराच्या पाठीवर. तिथे कावळे बसतात.

ही चांदणी शोधायची खोड मला आमच्या जुन्या घरमालकांनी लावली.

मंगळवार पेठेत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर स्लॅबच्या एका मोठ्या खोलीत आम्ही. आम्ही म्हणजे मी, शाळांचे गणवेश शिवायचं माझं मशीन आणि सुट्टीला येणारा नवरा. त्याची नोकरी सोलापुरात. घरमालक वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खात्यानं त्यांना नारळ, शाल देऊन मोकळं केलं, पण त्यांनी खात्याला मोकळं केलं नाही. शर्टाच्या खिशात भिंग कायम. पाव किलो चहापूड घरात आली तरी आधी पाकिटाची उलटतपासणी व्हायची. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना. सगळं जागेवर असेल तर पूड डब्यात. नसेल तर चहा नाही, दुकानदाराकडे फेरी.

त्यांचं एकच वाक्य होतं आणि ते सगळीकडे चालायचं. 'दाव्याला आधार काय?'

गवळी म्हणाला, 'निर्मळ दूध हाय काका,' की, 'दाव्याला आधार काय?' शेजारची मुलगी म्हणाली, बारावीचा पेपर चांगला गेला, की तेच. एकदा काकू सहज म्हणाल्या, 'आज आमटी छान झालीय.' ह्यांनी चमचा खाली ठेवून विचारलं. काकू म्हणाल्या, 'आधार ताटात आहे. गिळा, नाहीतर उठा.'

काकूंनी संसार असा केला.

एकदा मी त्यांच्याबरोबर नृसिंहवाडीला गेले. गाडीत जागा होती आणि मला वाटेतल्या एका गिऱ्हाइकाला कपडे द्यायचे होते, एवढंच. आरतीची वेळ झाली होती. काकू म्हणाल्या, आधी दर्शन. घरमालक म्हणाले, आधी पेढे, नंतर गर्दी होते. दुकानदारानं पेढे डब्यात भरले आणि डबा तराजूवर ठेवला. झालं.

'डब्यासकट वजन?'

'सायेब, समदी तसंच देत्यात.'

'मी पुठ्ठा खाणार नाही. रिकामा डबा वेगळा तोला. आणि पेढे कधीचे? तारीख कुठे आहे?'

'म्हाराजांचा परसाद हाय ओ. त्याला कसली तारीख?'

'महाराजांना नसेल. खव्याला असते.'

आता ह्यात त्यांचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. खव्याला तारीख असतेच. पण मागे चाळीसेक माणसं ताटकळत होती, त्यातल्या एकाच्या कडेवरचं पोर रडत होतं आणि तिकडे घंटा वाजायला लागली होती. डबा रिकामा झाला, तोलला गेला, पुन्हा भरला गेला. आम्ही देवळात पोहोचलो तेव्हा लोक तीर्थ घेऊन परतत होते. परतीच्या वाटेवर काकू म्हणाल्या, 'ह्यांच्याबरोबर मी देव कधी बघितलाच नाही. देवाचं वजन तेवढं बघितलं.'

सध्या दोघं मुलाकडे अमेरिकेत असतात. घर भाड्यानं दुसऱ्याकडे आहे. काकूंचा फोन येतो. तिकडच्या दुकानांत सगळ्या वस्तूंवर सगळं छापलेलं असतं, त्यामुळे ह्यांना फार उदास वाटतं म्हणे.

तर ह्याच मुलानं मूळ घोटाळा केला. त्यानं तिकडे घर घेतलं आणि माळ्यावर घालायला काचेच्या लोकरीचे गठ्ठे आणले. घर थंडीत उबदार राहावं, उन्हाळ्यात तापू नये म्हणून तिकडे घालतात. गठ्ठ्यावरच्या लेबलाचा फोटो त्यानं बापाला पाठवला. बापाला छापलेलं काही पाठवायचं नाही, हे मुलाला एव्हाना कळायला हवं होतं.

त्या लेबलावर लोकरीचा प्रकार होता, जाडी होती, किती जागा झाकली जाईल ते होतं आणि 'आर' नावाचा एक आकडा होता. उष्णता अडवायची ताकद त्या आकड्यात मोजतात. आकडा मोठा तर ताकद जास्त. तिकडे म्हणे सरकारचा नियमच आहे. घरात घालायच्या असल्या मालावर हा आकडा छापायचा, जाहिरातीत बढाई मारायची तर आकडाही सांगायचा आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर माहितीपत्रक दाखवायचं. घरमालकांनी तो फोटो मोठा करून, प्लास्टिकमध्ये बसवून बैठकीत टांगला. अंबाबाईच्या शेजारी. सकाळी उदबत्ती ओवाळली की धूर दोघींना मिळायचा.

'आपल्याकडे काय आहे?' ते मला जिन्यात अडवून सांगायचे. 'पाकिटावर नाव, पत्ता, माप, किंमत. ठीक. जाहिरातीत खोटा दावा नको. ठीक. चांदणीचा खुलासा दाव्याच्याच भाषेत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवा. उत्तम! पण उष्णता किती अडते तो आकडा? तो छापा असं ह्या छत गार करणाऱ्या शीटवाल्यांना कोण दरडावतो? कुणी नाही!'

'तुम्ही दरडावा की,' मी म्हणायचे. माझ्या हातात गणवेशांचं गाठोडं असायचं आणि जिना अरुंद होता.

त्यांनी ते मनावर घेतलं. गावातल्या शीटवाल्यांकडे फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीला मीही होते, कारण आमची खोली तापत होती आणि गच्चीवर काहीतरी घाला असा लकडा मी लावला होता. दुकानाबाहेर फलक होता, 'घरातच पन्हाळा!' गल्ल्यावरचा माणूस जाडजूड, मोठ्या आवाजाचा.

'या पावणं, बसा. गच्ची तापाल्या व्हय?'

'तुमच्या दाव्यातला पन्हाळा कोणत्या महिन्यातला?' घरमालकांनी उभ्यानंच विचारलं.

'आं?'

'मे महिन्यात पन्हाळाही तापतो. हा पन्हाळा डिसेंबरचा की मेचा?'

'तुमाला कुठला पायजे त्यो घ्या की! ही शीट टाकतासा, लई गार पडतंय.'

'लई म्हणजे किती?'

'सोयटर घालून बसशीला.'

'आर किती?'

'कसला आर?'

'उष्णतेला विरोध!'

'सायेब,' तो छातीवर हात ठेवून म्हणाला, 'आमच्या शीटला आजपातूर कुणाचाबी इरोध आल्याला न्हाय.'

घरमालकांनी माहितीपत्रक मागितलं. त्यानं गेल्या गणपतीत वाटलेलं आरतीचं पुस्तक दिलं. मागच्या पानावर दुकानाची जाहिरात होती. ते पुस्तक घेऊन आम्ही घरी आलो.

त्यांचा निश्चय तिथंच पक्का झाला. 'ज्या मालाचा दावा सिद्ध झालेला नाही तो माझ्या गच्चीवर चढणार नाही. आणि कुणी आकडा देत नसेल तर मी काढीन.' मग चाचणी सुरू झाली. निरनिराळ्या दुकानांतून नमुने आले. दुकानदारांनी ते फुकट दिले. हा माणूस पुन्हा येणार नसेल तर ते गाडीभाडंही द्यायला तयार होते. आमच्या डोक्यावरच्या गच्चीत खडूनं चौकोन आखले गेले. एकात फोमची शीट, एकात थर्माकोल, एकात चंदेरी बुडबुड्यांचा कागद, एकात पांढरा रंग. एक चौकोन रिकामा. आमच्या खोलीच्या छताला प्रत्येक चौकोनाखाली एकेक थर्मामीटर चिकटवलं. रोज भर दुपारी दारावर टकटक व्हायची. 'माफ करा, चाचणी आहे.' स्टूल मांडून, भिंग लावून ते आकडे वाचायचे. मी मशीनवर घामाच्या धारा पुसत शिवत असायचे. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. माझ्यावर काही छापलेलं नव्हतं.

एका उन्हाळ्याचे आकडे पुरत नाहीत, तीन लागतात, हे त्यांनी पहिला उन्हाळा संपल्यावर सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर कोडोलीला माझ्या सासूबाई गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांकडे वरचेवर दाखवायचं म्हणून त्यांना माझ्याकडे आणलं. जिना चढउतार बंद. खाट मोरीच्या दाराशीच लावावी लागली, कारण तिथं भिंतीला धरायला दांडा बसवला होता आणि दोन पावलांपलीकडे त्यांना चालता येत नव्हतं. उन्हाळाभर एकाच जागी.

पहिल्याच दुपारी टकटक झाली. स्टूल खाटेला खेटून उभं राहिलं. सासूबाईंनी वर पाहिलं.

'ह्यो बाबा माझ्या डोक्यावर चढून काय बगतोय?'

'तापमान,' मी म्हटलं.

'मग मला इचार की!'

घरमालकांनी विचारलं नाही. ते म्हणाले, 'वा! आज इथे सर्वांत जास्त आहे.'

एप्रिल सरता सरता एका दुपारी सासूबाई मोरीतून परतताना दांड्याला धरूनच खाली बसल्या. डोळे फिरले, ओठ पांढरे. मी त्यांना खाटेवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. डॉक्टर येऊन बघून गेले. रक्तदाब पार खाली गेला होता. 'ही भट्टी आहे,' ते म्हणाले. 'आज खाली बसल्या, उद्या आडव्या पडल्या तर खुबा पुन्हा जाईल. आणि ह्या वयात पुन्हा ऑपरेशन सोसणार नाही. गारव्यात हलवा, नाहीतर छताचं काहीतरी करा.'

मी गच्चीवर गेले. खोलीची लांबीरुंदी पावलांनी अंदाजली. मोरीचं दार कुठे, खाट कुठे. आणि मला कळलं. सासूबाईंच्या बरोबर डोक्यावर रिकामा चौकोन होता.

मी तशीच खाली गेले. घरमालक बैठकीत पंख्याखाली आकड्यांचा आलेख काढत होते.

'काका, खाटेवरचा चौकोन झाका.'

'तो कसा झाकता येईल? तो तुलनेसाठी सोडलाय. उघडं छत किती तापतं ते कळल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही. झाकला तर चाचणी बाद.'

'खाली माणूस आहे.'

'योगायोग,' ते म्हणाले. खरोखरच त्यांना तो योगायोग वाटत होता. 'पुढच्या उन्हाळ्यानंतर सबंध गच्चीवर सर्वोत्तम माल घालू. घाई करून जाहिरातवाल्यांच्या घशात पैसे घालायचे का?'

'तुमच्या ह्या खोल्या एवढ्या गार कशा, सांगा.'

'जुनं बांधकाम आहे.'

'वर आम्ही आहोत म्हणून. ऊन आधी आम्हाला भाजतं, उरलेलं तुम्हाला. तुमच्या घरावर घातलेला माल आम्हीच आहोत. आमचा आर किती ते काढा एकदा.'

त्यांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, 'रंजक कल्पना आहे.'

ह्या माणसाशी भांडून उपयोग नव्हता. त्याच्याशी त्याच्याच खात्यातून बोलायला हवं होतं.

ही खोली मी घेतली ती फाटकावरची पाटी वाचून. त्यांनी स्वतः रंगवलेली. त्या वेळी नवऱ्याला पाठवायला मी तिचा फोटो काढला होता, तो मोबाइलमध्ये होता. मी गल्लीच्या टोकाच्या तालमीत गेले. व्यायाम उरकून दोन पैलवान कठड्यावर थंडाई पीत बसले होते. त्यांना बोलावून आणलं आणि सांगितलं, आजींना खाली न्यायचंय.

'खाटंसकट उचलू की,' एक म्हणाला.

'आडवी न्हेऊ नगासा रं,' सासूबाई ओरडल्या. 'गल्ली रडाय लागंल!'

मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून उतरवलं. दारातली बायकापोरं बघत होती. सासूबाईंनी पदर नीट केला आणि पालखीत बसल्यासारखी मान ताठ ठेवली. खुर्ची घरमालकांच्या बैठकीत, पंख्याखाली, अंबाबाई आणि अमेरिकेच्या समोर टेकली.

'हे काय?' घरमालक उठून उभे राहिले.

'खोली परत आणलीय.'

मी मोबाइल पुढे धरला. पाटीवर त्यांचंच वळणदार अक्षर. 'भाड्याने देणे. प्रशस्त, हवेशीर व बाराही महिने थंड खोली.'

'दाव्याला आधार काय, काका?'

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ काकू हसल्याचा. घरमालकांनी भिंग काढलं. मोबाइलच्या पडद्यावरून ते वरून खाली, खालून वर फिरलं.

'चांदणी नाही,' मी म्हटलं. 'शोधू नका.'

'हा वर्णनपर मजकूर आहे.'

'बाराही महिने थंड? ह्या वर्णनाचं थर्मामीटर तुम्हीच रोज दुपारी वाचता. माल जाहिरातीप्रमाणे नसेल तर दुकानदारानं काय करायचं असतं?'

'बदलून द्यायचा,' ते बोलून गेले. सवयीनं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. 'ऐकलं ना? ह्या इथं राहतील. माझ्याजवळ. पंख्याखाली.'

त्यांचा चेहरा पडला असं मला वाटलं, पण मी चुकले. ते गंभीरपणे म्हणाले, 'बदली माल दिला म्हणजे सदोष माल परत घ्यायला हवा.' आणि उशी, पंचा आणि भिंग घेऊन ते वर गेले. दुसऱ्या दिवशीही दुपारभर वरच होते, सासूबाईंच्या खाटेवर. मला समाधान वाटलं. दीड वर्षात मी जे सांगू शकले नाही ते स्लॅब सांगेल, असा माझा हिशेब.

ऊन कलल्यावर ते उतरले. तोंड गाजरासारखं, बनियन पिळून काढण्याजोगं. काकूंनी पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी उभ्यानं संपवला.

'अप्रतिम!' ते म्हणाले. 'त्या चौकोनाखाली झोपल्याशिवाय आकड्यांचा अर्थ कळत नाही. आता आपल्या चाचणीला अनुभवाचा आधार आहे. पण मी एकटा पुरेसा नाही. निरनिराळ्या वयाची माणसं हवीत. ह्या बाईंनी एक दोन दिवसांत पुन्हा वर जायला हरकत नाही. मी जातीनं लक्ष ठेवीन.'

काकूंनी रिकामा तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला.

'मी काय वांगं हाय व्हय,' सासूबाई म्हणाल्या, 'भाजून बगाय?'

काकूंनी त्यांना वर पाठवायचं साफ नाकारलं. पण घर त्यांचं नव्हतं, त्यांच्या नवऱ्याचं होतं, आणि पाहुणीला बैठकीत उन्हाळा काढायला सांगणं किती दिवस निभणार, हे आम्हा तिघींनाही कळत होतं. ह्या सासूबाई आता कोडोलीत काठी टेकत गोठ्यात जातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या वांग्याची गोष्ट सांगतात. सांगताना हसतात. त्या संध्याकाळी हसत नव्हत्या. पंख्याकडे डोळे लावून पडल्या होत्या.

मी बाजारात जाऊन कळीचा चुना घेतला. घरी आल्यावर पिंपात पाणी ओतून त्यात सोडला. तो रटरट शिजला. चुना धरून राहावा म्हणून सरस कालवला आणि पिंप झाकून झोपले, खालीच, सासूबाईंना दिलेल्या बैठकीतल्या दिवाणाशेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं यायच्या आत, मी बादली आणि कुंचा घेऊन गच्चीवर गेले. शीटा, थर्माकोल, चंदेरी कागद गुंडाळून कठड्याला लावले आणि झाडू मारायला घेतला. डोक्यावरच्या खरखरीनं घरमालक जागे झाले. बनियनवर, भिंगासकट वर आले.

'हा कुठल्या कंपनीचा माल?'

'कंपनी नाही. सुटा आहे. तोलून बादलीत घेतला.'

'लेबल?'

'नाही.'

'दावा काय आहे?'

'काहीच नाही.'

'किती अंशांचा फरक पडेल?'

'माहीत नाही. पडेल तो पडेल.'

त्यांनी बादलीभोवती एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं, बाहेरून बघितलं. वाचायला काहीच नव्हतं. खोटा ठरवायला तर दावाच नव्हता. भिंग खिशात गेलं, पुन्हा निघालं, पुन्हा गेलं. शेवटी ते खडूच्या रेघेच्या आत जाऊन उभे राहिले.

'निदान एवढा एक सोडा,' ते म्हणाले. 'तुलनेसाठी.'

'पाय उचला काका. पांढरे होतील.'

ते बाजूला झाले. मी कुंचा बुडवला आणि खाटेच्या बरोबर वरच्या जागेपासून सुरुवात केली.